वाघासाठी किती मिलिमीटर? लांब पल्ल्याची लेन्स निवडताना

नवी लेन्स घ्यायचं मनात आलं की माणूस आधी यूट्यूब उघडतो, आणि तासाभरात त्याची खात्री पटते की ६०० मिलिमीटरच्या खालचं काहीही घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे जाण्याआधी स्वतःचे जुने फोटो उघडा. मागच्या दोन-तीन वर्षांतले प्राण्या-पक्ष्यांचे, ठेवावेसे वाटलेले शंभरेक फोटो काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत तीन गोष्टी बघा: फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा, तो जितका मोठा तितका पल्ला लांब) किती होती, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) किती चढला होता, आणि नंतर किती कापून फोटो वापरला.

फोटो निम्म्याहून जास्त कापावा लागला असेल, पण उरलेला भाग स्वच्छ असेल, तर तुम्हाला पल्ला कमी पडतोय. फारसा कापला नाही, पण दाणे आलेत, पाय नि पंख हललेत, तर कमी पडतोय तो उजेड. अशा वेळी ३०० ची लेन्स विकून एफ/६.३ ची ६०० (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी) आणली तर दुखणं तेच राहतं, फक्त लांबून दिसतं. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. लेन्स घेऊन पस्तावलेले जे लोक मला भेटलेत, त्यांतल्या बहुतेकांनी एकाचं औषध दुसऱ्याला दिलं होतं.

अंतराचं गणित

हे गणित पाठच करून ठेवा. फुल फ्रेम सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा मोठा पडदा) ३६ मिलिमीटर रुंद असतो. समोरच्या प्राण्याचं मीटरमधलं अंतर घ्यायचं, त्याला ३६ ने गुणायचं आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. फ्रेमच्या रुंदीत किती मीटर मावतात ते कळतं. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी असेल तर ३६ च्या जागी २४ धरा (कॅननच्या क्रॉप बॉडीला २२).

आता हे जंगलात नेऊन बघू. ताडोबात रस्त्याकडेला बसलेला वाघ जिप्सीपासून पुष्कळदा १०-१५ मीटरवर असतो. १० मीटरवर ६०० ची लेन्स लावली तर फ्रेममध्ये ६० सेंटिमीटर मावतात. म्हणजे वाघाचं तोंड, बस. त्याच जागी १०० मिलिमीटरवर ३.६ मीटर मावतात, शेपटीसकट अख्खा वाघ आणि थोडा बांबूही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका मे महिन्यात मित्राची ६०० ची प्राईम (झूम न होणारी लेन्स) मागून घेतली आणि ऐटीत मोहर्लीच्या गेटातून आत गेलो. दुसऱ्या वळणावर वाघीण झुडपातून निघाली ती सरळ आमच्या दिशेने. पहिले चार फोटो चांगले आले. पुढच्या तीसेक फोटोंत एक कान, अर्धी मिशी, आणि एका फ्रेममध्ये नुसतेच पट्टे. मागच्या सीटवरच्या काकूंकडे साधी ५५-३०० ची झूम होती. वाघिणीला, तिच्या सावलीला आणि मागच्या पाणवठ्याला एकत्र धरणारा फोटो त्यांनी काढला. संध्याकाळी जेवताना तो त्यांनी सगळ्यांना दाखवला, मला दोनदा.

ताडोबा-पेंचसारख्या ठिकाणी म्हणूनच झूमच्या वरच्या आकड्याइतकाच खालचा आकडाही बघायचा. १००-४०० किंवा १००-५०० तिथे जितकी कामाला येते, तितकी २००-६०० येत नाही. २०० वर १० मीटरला १.८ मीटरच मावतात आणि शेपटी बाहेर जाते.

पक्ष्यांचं उलटं. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडी रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यापासून ५० मीटरवर थांबली असं धरा. ६०० वर ३ मीटर रुंदी मिळते. पंख पसरल्यावर रोहित दीडेक मीटरचा होतो, म्हणजे एक पक्षी मजेत बसतो. ३०० वर तोच पक्षी पाव फ्रेम भरतो. नदी सुरय तर त्याहून लहान. नान्नजच्या माळावर काळवीट सहज १०० मीटरवर उभं असतं, तिथे ६०० लाही ६ मीटरची फ्रेम मिळते. या दोन्ही ठिकाणी ५०० च्या खाली हात चोळत बसावं लागतं.

आणि छोटा खंड्या! १६-१७ सेंटिमीटरचा जीव. १० मीटरवर ६०० ने पाव फ्रेमपेक्षा थोडा जास्त भरतो, २० मीटरवर जेमतेम सातवा हिस्सा. पुढे ८०० घेतली तरी फार फरक पडत नाही. त्याच्या ठरलेल्या फांदीसमोर आधी जाऊन गुपचूप बसणं हाच त्यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

एक गोष्ट मात्र कुठलीच लेन्स सुधारत नाही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर जमिनीवरून झळा उठायला लागल्या की ८०-१०० मीटरवरचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. फोटो मऊ येतात, लोक लेन्सला दोष देतात, दुकानात भांडायला जातात. जवळचं काढा, नाहीतर कॅमेरा खाली ठेवा.

उजेड आणि त्याची किंमत

एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार. फोकल लेंग्थला समोरच्या भोकाच्या व्यासाने भागायचं. ६०० एफ/४ ला म्हणूनच १५० मिलिमीटरचं भोक लागतं, साधारण वरण-भाताच्या ताटलीएवढी काच. ६०० एफ/६.३ ला ९५ मिलिमीटर पुरतात. पहिल्या जातीच्या लेन्स तीन किलोच्या वर आणि दहा लाखांच्या वर का जातात, हे या एका ओळीत आलं.

त्या पैशांत काय मिळतं? गेट उघडल्यावरचा पहिला अर्धा तास धरा. एफ/४ वर आयएसओ ३२०० ने काम भागत असेल, तर तेवढ्याच शटरला एफ/६.३ वर ८००० लागतो, एफ/८ वर १२८००, एफ/११ वर २५६००. चालणाऱ्या जनावराला १/५०० ते १/१००० आणि उडत्या पक्ष्याला १/२००० च्या पुढचं शटर लागतं, त्यामुळे शटर खाली आणायची सोयही मर्यादितच. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, हरणाचे पाय नाही.

तरीही माझं मत विचाराल तर हौशी माणसाने एफ/४ च्या मागे लागू नये. आजच्या बॉडी आणि दाणे काढणारी सॉफ्टवेअर यांनी एक स्टॉप (म्हणजे उजेडाची एक दुप्पट) तरी परत मिळवून दिलाय. एफ/६.३ पर्यंत डोळे झाकून जा. एफ/८ आणि पुढच्या लेन्स उघड्या पाणथळ जागी छान चालतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा कोकणातल्या दाट झाडीत स्वर्गीय नर्तकामागे फिरणाऱ्याने त्या घेऊ नयेत. कॅननची ८०० एफ/११ सव्वा किलोची, स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण तिचं ॲपर्चर, म्हणजे भोक, एफ/११ लाच कायम आहे. ती भर दुपारची लेन्स.

टेलिकन्व्हर्टरचं (लेन्स नि बॉडीमध्ये बसवायचं, पल्ला वाढवणारं भिंग) थोडक्यात: १.४ वाला एक स्टॉप खातो, २ वाला दोन. ६०० एफ/६.३ ला १.४ लावला की ८४० एफ/९. ‘कन्व्हर्टर लावून भागवू’ या भरवशावर लहान लेन्स घेऊ नका, आणि तुमच्या लेन्सला तो बसतो का हे आधी विचारा. कॅननच्या १००-५०० ला तो लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही, म्हणजे जी सोय म्हणून ती घेतली तीच गेली.

वजन: दुकानात नव्हे, घरी बघा

दुकानात दोन मिनिटं हातात धरलेली लेन्स हलकीच वाटते. घरी २ लिटरची बाटली भरा, पिशवीत घाला, वर पाऊण किलो साखरेची पुडी ठेवा. हे २००-६०० आणि तिच्यामागच्या बॉडीचं वजन झालं. आता पिशवी दोन्ही हातांनी डोळ्यासमोर धरून पाच मिनिटं उभे राहा. वाघ झुडपाआड आहे, चितळाचा धोक्याचा कॉल चालू आहे, कोणत्याही क्षणी तो बाहेर येईल, असं समजा. दुसऱ्याच मिनिटाला कोपर खाली यायला लागलं तर तुमची लेन्स दीड किलोच्या आतली.

त्या वजनात दोन चांगल्या वाटा आहेत: कॅननची १००-५००, सुमारे १.४ किलो, किंवा निकॉनची ६०० एफ/६.३ प्राईम, ट्रायपॉडच्या कॉलरसकट दीड किलोच्या आत. दोघींचे स्वभाव निराळे. १००-५०० ही १०० वर ९० सेंटिमीटरवरून फोकस करते, त्यामुळे आंबोलीत पावसाळ्यात बेडूक नि फुलपाखरंही निघतात. ६०० प्राईमला किमान ४ मीटर लागतात. पायाशी फुलपाखरू बसलं तर मागे मागे जाऊन दरीत पडायची पाळी.

दोन किलोच्या वर्गात सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० या माझ्या मते पैसा वसूल करून देतात. दोघींचं नळकांडं झूम करताना पुढे सरकत नाही. तोल बदलत नाही, आणि जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यावरची धूळही कमी ओढली जाते. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० त्यांच्याहून स्वस्त पडतात, झूमला बाहेर येतात, पण चित्र चांगलं देतात. सोनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीची लेन्स लावणार असाल तर दोन अटी लक्षात ठेवा: सेकंदाला १५ च्या वर फोटो निघत नाहीत आणि टेलिकन्व्हर्टर चालत नाही.

बॉडी कोणत्या कंपनीची आहे त्याच कंपनीकडे बघा. लेन्ससाठी अख्खा संसार बदलणाऱ्यांचा हिशेब सहसा बायकोसमोर जुळत नाही.

आधी भाड्याने

दोन नावं उरली की एक शनिवार-रविवार लेन्स भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत ही सोय आहे. ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते, आणि नेताना-आणताना काचेचे फोटो दुकानदारासमोर काढून ठेवायचे. पण ती घेऊन ताडोबाला पळू नका, तिथे वाघ बघाल की लेन्स तपासाल? गच्चीवर जा. घिरट्या घालणाऱ्या घारीवर फोकस धरा. निळ्या आकाशावर कोणतीही लेन्स धरते. घार इमारतींच्या नि झाडांच्या पुढून जाते तेव्हा फोकस मागे उडी मारतो का, आणि मारलाच तर किती वेळात परत येतो, ते मोजा. मग रस्त्यापलीकडे उभ्या गाडीची नंबरप्लेट झूमच्या शेवटच्या टोकाला, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून काढा. काही झूम १० मीटरवर धारदार आणि लांबवर मऊ असतात, म्हणून दोन्ही अंतरं तपासायची. शेवटी एका हाताने ३०० वरून ६०० वर जायला मनगट किती फिरवावं लागतं ते बघा. दोनदा पकड बदलावी लागली तर तेवढ्यात पक्षी निघून गेलेला असतो.

जुनी घेताना

आरशाविनाचे मिररलेस कॅमेरे आल्यापासून आरसा असलेल्या डीएसएलआरच्या उत्तम लेन्स जुन्या बाजारात उतरल्या दरात मिळतात. निकॉनची २००-५०० एफ/५.६, ५०० एफ/५.६ पीएफ किंवा कॅननची १००-४०० ची दुसरी आवृत्ती अडॅप्टरवर नव्या बॉडीला नीट चालतात. हात आखडता असेल तर मी आधी इथेच बघेन.

सोबत टॉर्च न्या. दोन्ही झाकणं काढायची, मागून उजेड टाकायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धुळीचे चार कण असले तरी चालतात, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी, आणि मुंबई-कोकणातल्या लेन्समध्ये ती हमखास आढळते. घासाघीस न करता निघा. स्टॅबिलायझेशन चालू करून कान लावा: हलकी घरघर ठीक, खटखट नको. लेन्स खाली धरल्यावर झूम आपोआप घसरते का बघा. मूळ बिल मागा. बिलाशिवाय आलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही, मग ती पेटीबंद नवी का असेना.

बुरशीची भीती आपल्यालाही आहेच. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दोन-अडीचशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. चामड्याच्या खोक्यात कपाटात कोंडलेली लेन्स एका पावसाळ्यात जाते.

सगळे पैसे लेन्सवर उडवू नका, बीनबॅगपुरते ठेवा. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते आणि भिगवणच्या होडीत तो होडीबरोबर डुलतो. कापडी पिशवी जिप्सीच्या दांड्यावर टाका, लेन्स वर ठेवा आणि चालकदादांना इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर पिशवीतूनही वर येते. घरून भरलेली बॅग नेऊ नका, विनाकारण ओझं. गेटच्या गावातल्या किराणा दुकानात दोन-अडीच किलो राजमा घ्यायचा आणि तिथेच भरायचा. तांदूळही चालतो, पण शिवण उसवली तर जिप्सीभर होतो. परत आल्यावर राजमा निवडून, धुऊन भिजत घालावा. आमच्याकडे मे महिन्यात सलग तीन रविवार तोच असतो.