एमपीआय प्रोग्राम चुकीनंतर लटकतो, संपतच नाही: माझा अनुभव

ऐरोलीच्या ऑफिसात सी मधला एमपीआय (अनेक प्रोसेस एकमेकींना निरोप पाठवत एकच काम करतात ती पद्धत) प्रोग्राम ८ प्रोसेसवर चालवत होतो. मधूनच लटकायचा. एरर नाही, आउटपुट नाही, आणि टॉप या कमांडमध्ये (चालू प्रोसेसची यादी) आठही प्रोसेस १०० टक्के सीपीयू खाताना दिसायच्या. दोन रात्री ठाण्याची शेवटची लोकल पकडून चिडूनच घरी गेलो.

जागोजागी बॅरिअर (सगळ्या प्रोसेस पोहोचेपर्यंत थांबायची जागा) टाकून पाहिले, उपयोग शून्य.

शेवटी जीडीबी (प्रोग्राम कुठे अडकलाय ते दाखवणारा डीबगर) जोडला. रँक ३ (३ क्रमांकाची प्रोसेस) फायनलाइझमध्ये, म्हणजे एमपीआय बंद करणाऱ्या कॉलमध्ये, आणि बाकी सात ऑलरिड्यूसमध्ये, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकत्र करणाऱ्या कॉलमध्ये, तिची वाट बघत! रँक ३ ची फाइल उघडलीच नव्हती. फाइलमधून ओळी शून्य आल्या तर सरळ फायनलाइझ, असं मीच लिहिलेलं. एमपीआयमध्ये कम्युनिकेटरवरची (एकमेकींशी बोलणाऱ्या प्रोसेसच्या गटावरची) चूक मुळात घातक धरली जाते, म्हणजे प्रोग्राम तिथेच बंद पडतो, पण फाइलवरची चूक फक्त रिटर्न कोड देते. हे मला माहीत नव्हतं.

आता क्रम असा: एमपीआय_फाइल_ओपनचा रिटर्न कोड तपासा. तो एमपीआय_सक्सेस नसेल तर एमपीआय_एरर_स्ट्रिंगने मजकूर काढून रँक आणि फाइलच्या नावासह एसटीडीएररवर (चुकांच्या आउटपुटवर) छापा. एसटीडीआउट (नेहमीचं आउटपुट) फ्लश करा, म्हणजे साठलेला मजकूर बाहेर काढा. मग सगळ्या प्रोसेस बंद करणारा एमपीआय_अबॉर्ट, कम्युनिकेटर एमपीआय_कॉम_वर्ल्ड (सगळ्या प्रोसेसचा गट), कोड १. इथे फायनलाइझ अजिबात नको, ते सगळ्यांनी मिळून बोलवायचं असतं.

अर्धवट लिहिलेल्या फाइली मात्र अबॉर्ट आवरत नाही, त्या पुढच्या रनआधी स्वतः पुसा.