आठवीसाठी हायस्कूल निवडताना शाळा कशी पारखावी

दरवर्षी मे महिन्यात माझे पाच-सहा फोन ठरलेले असतात. मूल गावच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवी झालेलं असतं आणि आई-वडिलांना विचारायचं असतं, आठवीला कुठं घालू? तोवर तालुक्याच्या स्टँडबाहेर फ्लेक्स लागलेले असतात. 'निकाल १०० टक्के', खाली पहिल्या तीन मुलांचे फोटो आणि त्याहून मोठे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे. पालक फ्लेक्स वाचतात, रिक्षा कुठल्या शाळेची दारात येते ते बघतात आणि ठरवून टाकतात.

मी तेवीस वर्षं अनुदानित हायस्कुलांत गणित शिकवलं. शाळा आतून कशी चालते हे पाहिलंय, म्हणून फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगतो ते इथं नीट लिहितो. हे जिल्हा परिषदेची प्रशाला, नगरपालिकेचं हायस्कूल आणि संस्थेची अनुदानित शाळा या तिघांना लागू आहे. पश्चिम महाराष्ट्रात रयतसारख्या संस्थांची हायस्कुलं जास्त दिसतील, मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला. चालवणारा कोण यावरून शाळा चांगली की वाईट हे ठरत नाही. दोन्हीकडे उत्तम शाळा आहेत आणि दोन्हीकडे फसवणाऱ्याही.

पायरी १ : मे महिन्याची वाट बघू नका

दिवाळीची सुट्टी संपली की कामाला लागा. मे महिन्यात शाळा रिकामी असते. तुम्हाला दिसतात रंगवलेल्या भिंती आणि प्रवेशाचा अर्ज देणारे लिपिक. डिसेंबर-जानेवारीत वर्ग भरलेले असतात आणि दहावीचे जादा तास चालू असतात. फक्त स्नेहसंमेलनाचा आठवडा टाळा.

पायरी २ : घरबसल्या आकडे काढा

प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं माहितीपत्रक दिसतं. इयत्तावार पट, शिक्षक, स्वच्छतागृहं, ग्रंथालय, संगणक सगळं त्यात असतं. ही माहिती शाळाच भरते हे लक्षात ठेवा. 'प्रयोगशाळा : आहे' असं लिहिलं असेल तर खोली आहे एवढंच समजा.

खरा उपयोग पटाचा. तीन सलग वर्षांचे आकडे एका कागदावर उतरवा आणि तिरके वाचा. २०२२-२३ ला आठवीत किती, २०२३-२४ ला नववीत किती, २०२४-२५ ला दहावीत किती. समजा हे आकडे ६४, ६१ आणि ४७ आले. दहावीचा निकाल शंभर टक्के. मग नववी आणि दहावीच्या मध्ये गेलेली १४ मुलं कुठं आहेत?

नववीची परीक्षा शाळाच घेते. ज्याच्यामुळे निकाल खाली येईल असं मूल तिथं अडवणं सोपं असतं. कुणाला नापास करतात, कुणाच्या वडिलांना बोलावून सांगतात, 'याचा दाखला काढा, बाहेरून १७ नंबर फॉर्म भरा.' तो मुलगा मग खासगी विद्यार्थी म्हणून बसतो आणि शाळेच्या नियमित निकालात त्याचा आकडा येत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एका शाळेत मार्चअखेर आमच्यापुढे यादी यायची आणि त्यावर 'चालतील' व 'चालणार नाहीत' अशा खुणा असायच्या. 'चालणार नाहीत' मधल्या एका मुलाला मी दोन वर्षं शिकवलं होतं. बीजगणितात तो कच्चा होता, पण रोज यायचा. पुढच्या जूनमध्ये तो गॅरेजमध्ये दिसला.

गळतीचं कारण दर वेळी शाळाच असते असंही नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं असतात, लग्न लावून दिलेल्या मुली असतात, बदलीमुळे गेलेलीही असतात. म्हणून आकडा घेऊन थेट मुख्याध्यापकांकडे जा आणि विचारा. मला आठवतात एक हेडबाई. असं विचारल्यावर त्यांनी कपाटातून हजेरीचा कॅटलॉग काढला, लाल शाईनं रेघ मारलेल्या नावांवर बोट ठेवत एकेकाचं सांगितलं. ही मामाच्या गावी, तिथल्या शाळेत आहे. हा आयटीआयच्या तयारीला. हिच्या घरी मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा ग्रामसेवकांना घेऊन गेले, ती परत आली, पुढच्या पानावर बघा. अशी शाळा सापडली तर बाकीच्या गोष्टी थोड्या कमी असल्या तरी चालतील असं माझं मत आहे.

पायरी ३ : निकाल वाचायला शिका

राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला आणि २०२० मध्ये एकदम ९५.३० वर गेला. दोन वर्षांत मुलं ढ आणि मग हुशार झाली नाहीत. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले होते, पुढच्या वर्षी ते परत दिले. म्हणजे लेखीत ८० पैकी १५ आणि अंतर्गतला पैकीच्या पैकी मिळाले की ३५ भरतात आणि मूल पास. हजारो शाळांचे निकाल आज शंभर टक्के लागतात. त्यामुळे शंभर टक्क्यांवरून दोन शाळांमधला फरक कळत नाही.

त्याऐवजी शाळेकडे तीन आकडे मागा. ३५ ते ४५ टक्क्यांत किती मुलं अडकली, ६० च्या पुढे किती गेली आणि गणितात निम्मा वर्ग किती गुणांच्या आत राहिला. पहिल्या आलेल्या मुलीचे गुण विचारू नका. बऱ्याचदा तिला शाळेपेक्षा घरानं आणि क्लासनं घडवलेलं असतं.

पायरी ४ : आठवीला कोण शिकवतं ते विचारा

मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक असतं. त्यात आठवी आणि नववीची गणित, विज्ञान, इंग्रजी ही तीन घरं बघा. त्या विषयाचा पदवीधर शिक्षक आहे का? की मराठीच्या सरांकडे भूमिती दिलीय? जागा रिकामी असेल तर तासिका तत्त्वावर कोणी आहे का, आणि ते जूनपासून आहेत की दिवाळीनंतर आले? कुठल्या शाळेला किती पदं मंजूर आणि किती भरलेली हे संचमान्यतेच्या कागदावर असतं. ती विद्यार्थिसंख्येवरून दरवर्षी ठरते. भरती रखडल्यामुळे चांगल्या शाळांतही जागा रिकाम्या आहेत. त्याचा दोष मी शाळेला देत नाही. रिकामी जागा शाळा कशी भागवते हे मात्र बघावं.

पालक सर्वांत कमी विचारतात असा प्रश्न तुकड्यांचा. बहुतेक हायस्कुलांत 'अ' तुकडी सेमी इंग्रजीची असते. तिथं अनुभवी शिक्षक, तिथंच प्रोजेक्टर. 'क' तुकडीत नवे शिक्षक, ऑफ तास जास्त आणि ऑफ तासाला वर्ग सांभाळायला शिपाईकाका. तुमचं मूल 'अ' मध्ये जाईल असं धरून चालू नका. मुख्याध्यापकांना म्हणा, 'मला आठवी क चा वर्ग दाखवता का?' काही जण लगेच उठतात, काही जण विषय बदलतात. तिथंच निम्मं उत्तर मिळतं.

पायरी ५ : एक अख्खी सकाळ शाळेत काढा

आधी फाटकाबाहेर अर्धा तास थांबा. समोरच्या वडापावच्या गाडीवर तास चालू असताना गणवेशातली मुलं दिसतात का? शिक्षक प्रार्थनेआधी येतात की नंतर? गाडीवाल्याला विचारा, तो सगळं सांगेल.

आत गेल्यावर परवानगी घेऊन या गोष्टी बघा.

वह्या. माझ्या लेखी शाळेचा सर्वांत खरा पुरावा हाच. मागच्या बाकावरच्या कुठल्याही मुलाची गणिताची वही मागा. एका वहीत मी पानोपान बरोबरच्या खुणा पाहिल्या. तिसऱ्या गणितात वजा पाचचा वर्ग पंचवीसऐवजी वजा पंचवीस लिहिला होता आणि त्यावरही लाल शाईत बरोबरची खूण, खाली सही आणि तारीख. ही वही कोणी वाचलीच नव्हती. दुसऱ्या एका शाळेत खुणा कमी होत्या, पण चुकलेल्या पायरीखाली रेघ मारलेली, बाजूला 'चिन्ह बघ' असं लिहिलेलं आणि पुढच्या पानावर मुलानं तेच गणित पुन्हा सोडवलेलं. गणित येत नसेल तर वहीतली इंग्रजी किंवा विज्ञानाची उत्तरं बघा. पाच मुलांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी असतील तर ती गाईडमधून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत आलेली आहेत.

प्रयोगशाळा. कुलूप उघडायला किल्ली शोधावी लागते का ते बघा. सूक्ष्मदर्शकाच्या लाकडी पेटीवर बोट फिरवा. मुलांना विचारा, या वर्षी स्वतःच्या हातानं कुठला प्रयोग केलात? 'सरांनी दाखवला' हे एक उत्तर, 'जर्नल उतरवली' हे दुसरं. दहावीच्या विज्ञानातले अंतर्गत २० गुण प्रात्यक्षिकांवर असतात, तेव्हा हा प्रश्न गुणांसाठीही विचाराच.

ग्रंथालय. पुस्तकं मोजू नका, देवघेवीची वही उघडा. शेवटची नोंद कधीची आहे?

स्वच्छतागृह. वडील असाल तर हे काम मुलीच्या आईवर सोपवा. नळाला पाणी आहे का, आतून कडी लागते का आणि ते मधल्या सुट्टीत उघडं असतं की पाहुणे आल्यावर? मुलींना विचारलं की त्या खालच्या आवाजात पण स्पष्ट सांगतात. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्यात, कारण तिथं जावं लागू नये. एवढं एक कारण शाळा नाकारायला मला पुरेसं वाटतं.

पायरी ६ : मुलीचा रस्ता आणि तिची तक्रार

शाळा गावाबाहेर असेल तर अंतर स्वतः चालून किंवा एसटीनं जाऊन बघा. शाळकरी मुलींसाठीची मानव विकास कार्यक्रमाची निळी बस तुमच्या मार्गावर आहे का? संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती किती मिनिटांनी येते? जादा तास झाला तर बस चुकते का? ज्या शाळेत बसच्या वेळेनुसार जादा तास सकाळी घेतात, तिथं बाहेरगावच्या मुलींचा विचार कोणीतरी केलेला असतो.

शाळेत तक्रारपेटी आणि मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. समितीचा फलक दिसला की थांबू नका. मुलींना विचारा, यातल्या कुणाला तुम्ही ओळखता? पेटी कोण उघडतं? पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशीच टांगली असेल तर तिच्यात चिठ्ठी टाकायला कोण धजावेल?

पायरी ७ : आपल्या मुलाला आधी ओळखा

घरी दहा मिनिटं काढा. तिसरीच्या मराठी पुस्तकातला एक धडा मोठ्यानं वाचायला सांगा आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला द्या. मुलांना वाचता आणि गणित करता येतं का हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही आणि असा भागाकार निम्म्याहून कमी मुलांना जमला. ही देशभरातल्या ग्रामीण भागातली पाहणी होती. तुमचं मूल त्यात असेल तर त्याला रागावू नका. शाळेला मात्र विचारा, आठवीत आलेल्या आणि भागाकार न येणाऱ्या मुलासाठी तुम्ही काय करता? 'आम्ही सगळ्यांकडे लक्ष देतो' हे उत्तर धरू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण शिकवतं हे सांगता आलं पाहिजे.

मूल अभ्यासात बरं असेल आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर आठवीत होणाऱ्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला मागच्या वर्षी किती मुलं बसवली ते विचारा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच ती असते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पन्नास मुलांच्या वर्गातून दोनच अर्ज गेले असतील तर शाळेनं बाकीच्यांना सांगितलंच नाही असं समजा.

शाळा माहिती देत नसेल तर

आधी साध्या कागदावर लेखी मागा आणि पोच घ्या. बहुतेकदा एवढ्यानं काम होतं. नाही झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि अनुदानित शाळांनाही हा कायदा लागू आहे. भांडणाच्या सुरात लिहू नका. मंजूर आणि भरलेली पदं, तीन वर्षांचा इयत्तावार पट, विषयवार निकाल एवढंच मागा.

दोन शाळा शेवटपर्यंत राहिल्या तर दोन्हीकडच्या एकेका मध्यम मुलाच्या पालकांना भेटा. हुशार मुलाच्या पालकांना नको, त्यांना शाळा आवडलेलीच असते. विचारा, गेल्या वर्षभरात शाळेतून तुम्हाला फोन कधी आला आणि कशासाठी?

प्रवेश पक्का झाल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका. आणि पहिल्या घटक चाचणीनंतर, ऑगस्टच्या आसपास, एकदा न सांगता जाऊन मुलाची वही वर्गशिक्षकांसमोर उघडा.