फडफडत्या पंखांच्या रोबोचं मॉडेल: सुरू करण्याआधी एवढं तपासा

मागच्या वेळी माझ्या संगणकावरच्या मॉडेलमधला रोबो पडद्यावर एका जागी मजेत तरंगत राहायचा आणि खरा रोबो सोडला की क्षणात कोलांटी खाऊन पडायचा. त्यात महिना गेला, म्हणून हे लिहितोय.

अक्ष, चिन्हं, एककं आधी ठरवा. वजन मोजा. गुरुत्वमध्य पंखांच्या मुळापासून किती खाली आहे, हे मात्र अंदाजाने धरू नका. पिचचा टॉर्क, म्हणजे नाक वर-खाली फिरवणारा पीळ, त्या अंतरावर ठरतो.

लिफ्ट (वर उचलणारं बल) आणि ड्रॅग (हवेचा विरोध) यांचे गुणांक विमानाच्या तक्त्यातून उचलू नका. विमानाचा पंख ज्या कोनाला स्टॉल होतो, म्हणजे त्याची लिफ्ट ढासळते, त्याच्या कितीतरी पुढे, हवेशी ४५ अंशांच्या आसपासही हा पंख भरपूर लिफ्ट देतो, कारण पुढच्या कडेवरचा भोवरा सुटून जात नाही. संशोधक डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली खनिज तेलात यांत्रिक पंख फडफडवून बलं मोजली. सुरुवात तिथून करा.

आता मी विसरलो ते. पंखाचा हवेसापेक्ष वेग काढताना त्यात शरीराचा वेग मिळवा. सरळ जाण्याचाही, वळण्याचाही. शरीर तर जवळपास स्थिर आहे, मग काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. समजा पंखाचा वेग १० आहे आणि यॉमुळे, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळल्यामुळे, एका पंखाला १ ची भर, दुसऱ्याला १ ची घट. ड्रॅग वेगाच्या वर्गात वाढतो: १२१ आणि ८१. फरक ४०! उलट्या फटक्यात पंखांच्या भूमिकांची अदलाबदल होते, पण टॉर्क वळण्याच्या विरुद्धच राहतो. डॅम्पिंग, म्हणजे हालचाल शमवणारा विरोध, येतं ते इथून. पुढे सरकताना याच कारणाने पुढे जाणाऱ्या फटक्याचा ड्रॅग मागे येणाऱ्यापेक्षा जास्त होतो, तो गुरुत्वमध्याच्या वर लागून नाक उचलतो आणि हेलकावे वाढत जातात. शरीराचा वेग गाळलात की डॅम्पिंगही गेलं आणि ही अस्थिरताही. कंट्रोलर (तोल सांभाळणारा प्रोग्राम) नसतानाही मॉडेल शांत तरंगतंय? मग शरीराचा वेग घालायचा राहून गेलाय.

चाचणी सोपी आहे. शरीराला थोडा यॉचा वेग देऊन तो तसाच धरून ठेवा आणि एका आवर्तनाचा (पंखाच्या एका पूर्ण पुढे-मागे फेरीचा) सरासरी टॉर्क काढा. शून्य आला तर कंट्रोलरला हातही लावू नका.

सेकंदाला १२० फटके मारणाऱ्या रोबोबीसारख्या यंत्राला क्षणाक्षणाच्या बलांऐवजी आवर्तनाची सरासरी बहुधा चालते. १७ फटक्यांच्या डेलफ्लाय निंबलसारख्याला आधी पडताळून पाहा. पंखांचं जडत्व एकदा धरून बघा, मगच सोडा. टाइम स्टेप (गणितातला वेळेचा टप्पा) बारीक घ्या. स्थिरता तपासायला लिनियरायझेशन (समीकरणं सरळ रेषेसारखी करणं) आणि त्याची आयगेनमूल्यं (हेलकावे वाढतात की विरतात ते सांगणारे आकडे), नेहमीप्रमाणे. वीज तारेने देत असाल तर तारेची ओढ मोजा. आणि उडवण्याआधी शरीराचा वेग पुन्हा तपासा.