खाडीत पडणाऱ्या उपकरणावरचा पाण्याचा आघात संगणकावर कसा काढावा

ठाणे खाडीत होडीवरून पाणी तपासणारे उपकरण सोडायचे असेल, तर आपटताना त्याचे कवच टिकेल की नाही हे आधी संगणकावर पाहता येते. ऐरोली-नेरूळ भागातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रकल्पाचा उत्तम विषय आहे आणि ओपनफोम हे द्रवाच्या प्रवाहाची गणना करणारे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. मात्र उपकरणाचा खरा आकार घेण्याआधी साधी पाचर पाण्यात सोडून पाहावी, कारण तिचे उत्तर कागदावर काढता येते आणि त्याच्याशी ताळा जुळल्याशिवाय पुढच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये.

५० सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही बाजू पाण्याशी ३० अंशांचा कोन करणारी पाचर १ मीटरवरून पडली, तर ती सेकंदाला ४.४३ मीटर वेगाने पाण्याला भिडते. घनता गुणिले वेगाच्या वर्गाची निम्मी किंमत सुमारे ९.८ किलोपास्कल येते. पाण्यावर आपटणाऱ्या वस्तूंविषयीच्या वाग्नर यांच्या १९३२ सालच्या सिद्धांतानुसार सर्वोच्च दाब याच्या ८.४ पट, म्हणजे ८२ किलोपास्कलच्या आसपास असतो. हा सिद्धांत लहान कोनांसाठी असल्याने ३० अंशांना तो दाब काहीसा जास्त दाखवतो. त्यामुळे आपले उत्तर थोडे कमी आले तर ते योग्यच आहे, पण दीडपट-दुप्पट आले तर मेश, म्हणजे गणनेसाठी पाणी आणि हवेचे लहान तुकड्यांत (सेलमध्ये) विभाजन करणारी जाळी, तपासावी. वेग कायम धरल्यास भिजलेल्या भागाची कड सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने बाहेर सरकते आणि अवघ्या २१ मिलिसेकंदांत पाचरीच्या बाहेरच्या कडेला पोहोचते.

वरून पडण्याचा प्रवास गणनेत घेऊ नये. पाचर पाण्याच्या सेंटिमीटरभर वर ठेवून तिला थेट ४.४३ चा वेग द्यावा. मेश ओव्हरसेट पद्धतीची, म्हणजे पाचरीसोबत हलणारी एक मेश स्थिर मेशवर ठेवलेली, घ्यावी आणि दोन मेश जिथे एकमेकींवर येतात तिथे सेलचा आकार सारखा ठेवावा. ही पद्धत पाण्याचे आकारमान काटेकोरपणे राखत नाही, म्हणून एकूण पाणी किती उरले हे अधूनमधून पाहावे. पाचरीजवळ १ मिलिमीटरचे सेल पुरतात. बाजूने उडणारी पातळ चिळकांडी सुबक दिसावी म्हणून तिथे सेल खर्ची घालू नयेत, कारण तिच्यातला दाब हवेइतकाच असतो. पण तिचा वेग सेकंदाला २४ मीटरच्या घरात जात असल्याने कुरांट क्रमांक (एका टाइमस्टेपमध्ये, म्हणजे गणनेच्या एका कालटप्प्यात, पाणी किती सेल ओलांडते तो आकडा) ०.५ ठेवल्यास टाइमस्टेप सुमारे २० मायक्रोसेकंदांचा येतो. दाबाची नोंद प्रत्येक टाइमस्टेपला घ्यावी. दर मिलिसेकंदाला घेतल्यास तेवढ्यात दाबाचे शिखर १२ मिलिमीटर पुढे गेलेले असते आणि आलेखात ते सापडत नाही.

ताळा जुळल्यावर वेग कायम न ठेवता पाचर मोकळी सोडावी. द्विमितीय मेशची जाडी १ सेंटिमीटर असेल, तर मीटरमागे ३० किलोच्या पाचरीचे वस्तुमान ०.३ किलोच भरावे. खरी अडचण यानंतर येते. कडेपर्यंत पाणी चढते तेव्हा पाचरीसोबत हलणारे पाणी मीटरमागे सुमारे ९८ किलो, म्हणजे तिच्या वजनाच्या तिपटीहून जास्त होते. त्यामुळे एका टाइमस्टेपला बल अवाजवी वाढते, पुढच्याला उलटते आणि त्वरणाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागतो. अशा वेळी प्रत्येक टाइमस्टेपमध्ये बल आणि हालचाल यांची तीन-चार आवर्तने घ्यावीत आणि त्वरणाचे रिलॅक्सेशन (नव्या त्वरणाचा किती भाग स्वीकारायचा ते प्रमाण) ०.५ च्या आसपास आणावे. ओपनफोममधला ‘मूव्हमेशआउटरकरेक्टर्स’ (प्रत्येक आवर्तनात मेश हलवण्याचा) हा पर्याय सुरू केला नसेल तर मेश पहिल्याच आवर्तनात हलते आणि उरलेली आवर्तने वाया जातात.

खाडीच्या खारेपणाची फार चिंता करू नये. गोड्या आणि समुद्राच्या पाण्याच्या घनतेत अडीच टक्क्यांचाच फरक आहे आणि मेशमुळे येणारी चूक बहुधा त्याहून मोठी असते. ओहोटीला जिथे पाणी उथळ असते, तिथे मात्र तळ खऱ्या खोलीवर दाखवावा. उपकरणाचा बूड सपाट असेल तर खाली अडकलेली हवा दाबली जाऊन आघात मवाळ होतो, आणि ओपनफोममधले इंटरफोमसारखे सॉल्व्हर (गणना करणारे प्रोग्राम) हवेला न दाबता येणारी मानतात. तिथे संपीड्य (दाबता येणारी) हवा धरणारा सॉल्व्हरच वापरावा लागतो.