पकडलेला थवा नवख्याच्या हाती देताना या चुका टाळा

मधमाश्या पाळणाऱ्याला सोलापुरात दोन प्रकारचे फोन येतात. पहिला : ‘दादा, आमच्या लिंबाला माशा लटकल्यात, लवकर घेऊन जावा.’ दुसरा त्यानंतर तीन-चार दिवसांनी येतो, ज्याला तो थवा हौसेनं दिला त्याचा : ‘दादा, पेटीत माशाच नाहीत की ओ.’

दुसरा फोन आला की पूर्वी मी नवख्यालाच झापायचो. सारखी पेटी उघडली असशील, पाक दिला नसशील, उन्हात ठेवली असशील. दहा-बारा वेळा असं झाल्यावर लक्षात आलं की निम्म्याहून जास्त वेळा चूक देणाऱ्याची असते, म्हणजे माझी. थवा पकडणं अर्ध्या तासाचं काम. त्याची वसाहत व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि नेमके तेच अवघड आठवडे आपण ज्याला काहीच येत नाही त्याच्या गळ्यात मारतो.

फोनवर सगळंच ‘मोहोळ’ असतं

आमच्या जिल्ह्यात तालुक्याचंच नाव मोहोळ आहे, पण मोहोळा-मोहोळातला फरक विचारला तर लोक गप्प होतात. पाण्याच्या टाकीखाली किंवा इमारतीच्या सज्जाला लटकलेलं भलंमोठं एकच पोळं आग्याचं. बोराच्या नाहीतर डाळिंबाच्या झुडपातलं तळहाताएवढं एकच पोळं फुलोरीचं. दोघींनाही उघड्यावर राहायचं असतं, त्या पेटीत टिकत नाहीत. पेटीत राहते ती सातेरी. तिला झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी असा अंधार लागतो आणि ती एकाला एक समांतर बरीच पोळी बांधते.

खरी गफलत होते ती फांदीवर नुसता घोस लटकलेला असतो तेव्हा. पोळं नसल्यामुळं ओळखायला काही राहत नाही. अशा वेळी माशीच बघायची. आग्या माशी सातेरीच्या दीडपट ते दुप्पट लांब असते. फुलोरी बारीक, तिच्या पोटाचा पुढचा भाग विटकरी आणि मागं काळे-पांढरे पट्टे. जवळून झूम करून काढलेला फोटो मागवा आणि तो पाहिल्याशिवाय कुणालाही ‘तुझ्यासाठी थवा मिळाला’ असं सांगू नका. आग्याचा घोस असेल तर नवख्याला सोबतही नेऊ नका. ती चिडली की झुंडीनं, लांबवर पाठलाग करते.

त्याच दिवशी देऊन टाकणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ताज्या थव्याजवळ पोळं नसतं, अंडी नसतात, साठाही नसतो. पोटात भरून आणलेला मध तेवढा असतो. त्यामुळं त्या माश्यांना पेटीत धरून ठेवणारं काहीच नसतं. सातेरी तशीही जागा सोडण्यात पटाईत. मुंग्या आल्या, ऊन लागलं, कुणी दोनदा झाकण उघडलं, की राणीसकट सगळ्या निघून जातात.

उपाय सोपा आहे, फक्त देणाऱ्याला जरा जड जातो. थवा पकडल्यावर तो आधी स्वतःजवळ ठेवा. आपल्या एखाद्या निरोगी, भरलेल्या पेटीतून अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक फ्रेम, म्हणजे लाकडी चौकटीतलं पोळं, माश्या झटकून काढा आणि नव्या पेटीत मधोमध लावा. पोरंबाळं पदरात पडली की माश्या सहसा घर सोडत नाहीत. संध्याकाळी साखर आणि पाणी वजनानं समसमान घेऊन केलेला पाक पेटीच्या आतच ठेवा. बाहेर एक थेंब सांडला तरी मुंग्या आणि शेजारच्या पेटीतल्या लुटारू माश्या हजर होतात.

मग थांबा. सातेरीची कामकरी माशी अंड्यापासून बाहेर यायला साधारण 18 ते 20 दिवस लागतात. पहिले दोन-तीन दिवस पोळं बांधण्यात जातात, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे पेटीतल्या माश्या फक्त कमी होत जातात. हे नवख्याला माहीत नसतं. तो रोज झाकण उचलून बघतो, माश्या कमी दिसल्या की घाबरतो आणि आणखी उघडतो. बंद टोपणांची, म्हणजे अळ्यांच्या घरांवर मेणाची झाकणं बसलेली दोन पोळी दिसली, परागाचे गोळे घेऊन माश्या आत जाऊ लागल्या, की पेटी द्या.

क्वीन गेट लावून विसरणं

ही चूक मी स्वतः केली आहे. सांगोल्याकडच्या एका काकांना थवा देताना ‘पळू नये म्हणून’ दाराला क्वीन गेट, म्हणजे राणीला अडवणारी बारीक फटींची जाळी लावली आणि सांगितलं, मी येईपर्यंत काढू नका. काका शब्दाचे पक्के. मला जायला दीड महिना लागला.

गेलो तर दारात नर माश्या अडकून मेलेल्या. गेटच्या फटीतून कामकरी माशी जाते, जाडा नर जात नाही, राणीही जात नाही. पेटी उघडली. माश्या निम्म्याहून कमी. पोळ्यावरची टोपणं फुगीर, शंकूसारखी, आणि प्रत्येकावर मधोमध टाचणीनं टोचल्यासारखं भोक. सातेरीत ही नराच्या कोषाची खूण. कामकरीचं एकही सपाट टोपण नव्हतं.

झालं होतं असं, की तो थवा पहिला नव्हताच. पेटीतून किंवा ढोलीतून पहिला थवा निघतो तो जुन्या, फळलेल्या म्हणजे मिलन झालेल्या राणीला घेऊन. तो मोठा असतो आणि पोळं तयार झालं की राणी दोन-तीन दिवसांत अंडी घालू लागते. त्यामागून निघणारे थवे लहान असतात आणि त्यांच्यात कोरी राणी असते. तिला मिलनासाठी बाहेर उडावंच लागतं. मी तिला कोंडून ठेवलं होतं. मिलन न झालेली राणी अंडी घालते, पण त्यातून निघतात ते फक्त नर.

म्हणून नारळाएवढा किंवा त्याहून लहान घोस मिळाला तर राणी कोरी आहे असंच धरून चाला. गेट लावूच नका, अंड्यांच्या फ्रेमवर भिस्त ठेवा. मोठा थवा असेल आणि गेट लावायचंच असेल तर तीन-चार दिवस, आणि काढायची तारीख पेटीवर खडूनं लिहा. दोन-तीन आठवड्यांत अंडी दिसली नाहीत, किंवा एकेका घरात चार-पाच अंडी कशीही चिकटवलेली दिसली, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालतायत असं समजा. असली पेटी नवख्याला देऊ नये. लहान थवा दुसऱ्या लहान थव्याशी जोडलेला बरा. एकीकडचीच राणी ठेवायची, एकावर एक ठेवलेल्या दोन कोठ्यांमध्ये (पेटीच्या कप्प्यांमध्ये) वर्तमानपत्राचा कागद घालायचा, त्याला टाचणीची चार भोकं पाडायची. एक-दोन दिवसांत माश्या कागद कुरतडून एकत्र होतात, तोवर वास एक झालेला असतो.

पेटी आणि जागा

नवखे बऱ्याचदा ऑनलाइन मेलीफेराची, म्हणजे मोठ्या विलायती माशीची पेटी मागवून बसलेले असतात. ती सातेरीला मोठी पडते, आणि मेलीफेराच्या मेणपत्र्यावरची (पोळं बांधायला फ्रेममध्ये लावतात त्या मेणाच्या पत्र्यावरची) घरंही तिच्या मापाची नसतात. सातेरीची पेटी नसेल तर थवा देऊ नका, इतकं सरळ आहे.

न्यायची वेळ रात्रीची. सगळ्या माश्या परतल्यावर दार जाळीनं बंद करा म्हणजे हवा खेळते. नवी जागा निदान दोन-तीन किलोमीटर लांब हवी. गल्लीतल्या गल्लीत पेटी हलवली की दुसऱ्या दिवशी उडालेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालतात. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, आणि वाट्यांत पाणी आहे का हे रोज बघायला माणूस. वाटीत पडलेली एक काडी मुंग्यांना पुलासारखी पुरते.

उन्हाचं वेगळं सांगायला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडं पारा 40 च्या वर जातो, 44 सुद्धा बघितलाय. पिल्लांजवळ माश्यांना 34-35 अंश राखायचे असतात, त्यासाठी त्या पाणी आणून पंखांनी वारा घालतात. पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या पेटीत कोवळं मेण मऊ पडून पोळं फ्रेममधून निसटून खाली येतं. लिंबाची किंवा चिंचेची दाट सावली, वर ओलं पोतं आणि जवळ पाण्याचं उथळ भांडं, त्यात माश्या बुडू नयेत म्हणून खडे. उन्हाळा तोंडावर असताना नवख्याला पेटी द्यायचीच नाही, असा मी आता नियम केलाय. तूर आणि ज्वारी फुलोऱ्यात येते तेव्हा द्या, किंवा शेवगा-करडईच्या वेळी.

फवारणीचं न विचारणं

सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आमच्या केगावलाच आहे. त्यामुळं थवा मागणाऱ्यांत बागायतदार बरेच. फळधारणेसाठी त्यांना माशी हवी असते आणि त्याच हंगामात फवारणीचा पंपही चालू असतो. मी आधी विचारतो : बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, कुठला धरलाय, मृग, हस्त की आंबे? फुलावर असताना काय मारणार? शेजारच्या बांधावर कोण, आणि तो फवारायच्या आदल्या दिवशी सांगेल का? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण आपण कितीही जपलं तरी माशी बांध ओळखत नाही. फवारणी संध्याकाळी माश्या परतल्यावर करायची, हे ठरल्याशिवाय पेटी देत नाही.

रोगाचं थोडक्यात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूरोगानं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींचं फार मोठं नुकसान केलं. अळी मरून पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होते, चिमट्यानं उचलली की तशीच अखंड बाहेर येते. असं काही दिसलं तर त्या पेटीतली फ्रेम कुठंही जाता कामा नये. कुठून आला ते माहीत नसलेला थवा आपल्या पेट्यांपासून लांब ठेवणंही म्हणूनच बरं.

घरात कुणाला माशी चावल्यावर अंगभर गांधी येतात का, धाप लागते का, हेही आधी विचारा. असेल तर नाही म्हणा, समोरचा रुसला तरी चालेल. पैशांचं म्हणाल तर पेटीचे घ्यावेत, थव्याचे घेऊ नयेत, असं माझं मत. फुकट मिळालेल्याची लोक काळजी घेत नाहीत असं आमच्यातले काही म्हणतात. मी त्याऐवजी नवख्यालाच पकडायला सोबत नेतो. शिडी धरून वर बघत अर्धा तास उभा राहिलेला माणूस पेटी सहसा वाऱ्यावर सोडत नाही.

आणि एवढं करूनही ‘पेटी रिकामी’ असा फोन आलाच, तर पहिलं काम म्हणजे पोळी वाचवणं. राखायला माश्या नसल्या की मेणकिडा आठवडाभरात आत जाळी विणतो. मेल्यासारख्या अळ्या नसतील, रोगाची खूण नसेल, तर पोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. नंतर हवाबंद डब्यात. पुढचा थवा अशा तयार पोळ्यावर पटकन बसतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी घरच्यांना सांगा तेवढं. आमच्याकडं एकदा बर्फ काढायला गेलेल्या वहिनींच्या हाती पिशवी लागली होती, तेव्हापासून माझ्यासाठी जुना फ्रीज पडवीत काढून ठेवलाय.