कॅमेरा बसवलात, पण त्याचा पासवर्ड बदललात का?

नेटला जोडलेला कॅमेरा, प्रिंटर किंवा शीतगृहातला तापमानाचा सेन्सर धंद्याला फार उपयोगी पडतो. रात्री दोन वाजता फ्रीझर बंद पडला तर मोबाइलवर लगेच कळतं, माल वाचतो. पण उपकरण बसवलं त्याच दिवशी कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. २०१६ साली ‘मिराई’ या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यात मोठी हुशारी नव्हती. ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५६ अशा युजरनेम-पासवर्डच्या साठेक ठरावीक जोड्या तो एकामागून एक लावून बघायचा, बस्स. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने साइटचे नेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. ही उपकरणं आणि बिलिंगचा संगणक एकाच नेटवर्कवर ठेवू नका. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कची सोय असते, उपकरणं तिकडे टाका. कॅमेऱ्यात कोणी शिरलाच, तरी हिशेबापर्यंत पोचणं त्याला सोपं जाणार नाही. मात्र काही राउटर गेस्टवरची उपकरणं एकमेकांपासूनही तोडतात, त्यामुळे कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डर बोलतायत ना, हे पाहून घ्या. मग आपला फोन गेस्टला जोडून बिलिंगच्या संगणकावरचं शेअर फोल्डर उघडून बघा. उघडलं, तर सेटिंग चुकलंय.

फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट येणं बंद झालेलं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.