थंडीत आधी पाण्याची बादली मोजा: सुटका झालेल्या घोड्यांची देखभाल शिकणाऱ्यांसाठी

थंडीने काकडून घोडं गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पोटशूळाने गेलेली पाहिली आहेत, आणि ती बहुतेक डिसेंबर-जानेवारीतली. निवाऱ्यावर नव्याने येणारी मुलं पहिल्या दिवशी झुली आणि घोंगड्या घेऊन येतात. त्यांची माया खरी असते, पण त्यांचं लक्ष चुकीच्या जागी असतं.

खरारा कसा करायचा, पिछाडी कशी बांधायची, लाथेच्या टप्प्यात कुठे उभं राहायचं नाही, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. आपल्या खान्देशातली थंडी मात्र फसवी आहे. दुपारी उन्हात उभं राहवत नाही, आणि थंडीची लाट आली की पहाटे धुळ्याचा पारा सहा अंशांच्या आसपास उतरतो. धडधाकट, पोटभर खाल्लेलं, कोरडं घोडं ही थंडी सहज काढतं. आपल्याकडे येतात ती वरातीतून काढून टाकलेली म्हातारी घोडी आणि वीटभट्टीवर राबलेली बरगड्या निघालेली जनावरं. त्यांच्या अंगात उब धरायला मांसच नसतं.

आता पाण्याचं. हे मी लांबण लावून सांगणार आहे, कारण याच एका गोष्टीने माझ्या सर्वांत जास्त रात्री खाल्ल्या.

पावसाळ्यात घोडं हिरवा चारा खातं. त्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. हिवाळ्यात तेच घोडं कडब्याच्या कुट्टीवर येतं, आणि कडब्यात पाणी जेमतेम दहा टक्के. म्हणजे प्यायचं पाणी वाढायला हवं. होतं उलटं. पहाटे सिमेंटच्या हौदातलं पाणी इतकं गार असतं की घोडी ओठ लावते, डोकं वर करते आणि पुन्हा कुट्टीकडे वळते. दात झिजलेल्या घोडीला तर ते पाणी कळा आणतं. आपल्याला वाटतं, थंडी आहे, तहान नसेल. आतड्यात कोरडा चारा साचत जातो, मोठ्या आतड्याच्या वळणावर अडकतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. हाच तो पोटशूळ. हे एका रात्रीत होत नाही, दोन-चार दिवस शिजत असतं. त्या दिवसांत घोडं खातही असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

हौद भरलेला दिसतो यावर कधीही विसंबू नका. सामाईक हौदावर दांडगं घोडं अशक्ताला फिरकू देत नाही. नव्या आणि म्हाताऱ्या जनावराला वेगळी बादली द्या आणि किती लिटर संपलं ते वहीत लिहा. आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या घोड्याला दिवसाला वीस ते तीस लिटर लागतं. पहाटे बोअरची मोटर चालू करून ताजं पाणी द्या, ते कोमट असतं. टाकीतलं रात्रभर गारठलेलं देऊ नका. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, भिजवून द्या, कुट्टीवर पाणी शिंपडा, रोज एक-दोन चमचे साधं मीठ घाला. एवढं केलंत तर अर्धी लढाई जिंकलात, घाबरायचं कारण नाही.

आमच्याकडे एक जुने टांगेवाले बाबा येत. नवं घोडं उतरलं की आम्ही जखमा बघायला पुढे धावायचो, ते मागे जाऊन उभे राहायचे. ‘पयले लीद देख, माय,’ एवढंच म्हणायचे. लीद ओलसर, सहज फुटणारी हवी. बारीक, कडक गोळे, वर चिकट शेंबडासारखा थर, किंवा नेहमीपेक्षा कमी वेळा पडलेली लीद, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. माझं स्पष्ट मत आहे, अशा एका माणसामागे महिनाभर फिरलात तर प्रमाणपत्राच्या कोर्सपेक्षा जास्त शिकाल. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जा, पण घोड्यांचा नाच बघण्यात दिवस घालवू नका. पहाटे जाऊन जुने पाळणारे पाणी कधी आणि कसं पाजतात ते बघा.

मोबाइलवरचे झटपट उपाय मला अजिबात सहन होत नाहीत. रम पाजल्याने घोडं गरम होत नाही, कातडीतून उलट उष्णता निघून जाते. पोट फुगलं म्हणून बाटलीने तोंडात तेल ओतू नका, ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. ताडपत्री लावून तबेला गच्च बंद केलात तर मुताच्या वाफेने खोकला लागेल. वारा अडवा, हवा अडवू नका.

उपाशी घोडं आलं की गूळ-हरभऱ्याचा तोबरा बांधायचा मोह आवरा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम साखर-पिष्ट मिळालं तर रक्तातले क्षार कोसळतात आणि घोडं काही दिवसांत जातं. सुरुवातीला लसूणघास थोडा थोडा, दर चार तासांनी. रात्रीची ती फेरी जिवावर येते, तरी करा. अंगाची उब चारा पचताना तयार होते, म्हणून रात्रभर पुरेल एवढा कडबा पुढे हवा. हिवाळ्यात मिळणारा दादर ज्वारीचा कडबा मागच्या हंगामाचा असतो, पेंढी सोडून वास घ्या. बुरशी लागलेला मका तर कधीच नाही, त्याने घोड्याचा मेंदू जातो.

झूल घातलीत तर रोज सकाळी काढा. दवाने ओली झालेली झूल नसलेली बरी. हिवाळी केसांमुळे रोडपण झाकलं जातं, तेव्हा डोळ्यांवर न जाता बोटं केसांत घालून बरगड्या चाचपा.

घोडं वळून वळून कुशीकडे बघायला लागलं, पाय खरडायला लागलं, ओठ वर करून दात दाखवायला लागलं, तर चारा काढा आणि डॉक्टरांना फोन करा. ओळखीचे डॉक्टर नसतील तर जनावरांच्या उपचारासाठीचा सरकारी मदत क्रमांक १९६२ लावा. फोनवर ‘घोडं बरं नाही’ एवढंच सांगू नका. शेवटची लीद कधी पडली, काल पाणी किती प्यालं, हिरड्या ओल्या की कोरड्या, कुशीला कान लावल्यावर गुरगुर ऐकू येते का, नाडी किती. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. साठीच्या पुढे गेली असेल तर तोच आकडा आधी सांगा. आणि डॉक्टर येईपर्यंत कुणी कितीही आग्रह केला तरी वेदनेचं इंजेक्शन स्वतः टोचू नका, दुखणं झाकलं गेलं की त्यांना आतलं काही कळत नाही.